गोड वाइनच्या गावाला जाताय? खान्देशातून निघण्याआधी या चुका टाळा

युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम एवढंच डोळ्यासमोर येतं, पण आता जळगाव, धुळे, शिरपूर, रावेरकडची मंडळी पण स्वतः नेटवर बघून प्लॅन करायला लागलीत, आणि त्यात शेतीवाले असले की त्यांना शहरापेक्षा गाव बघायचं असतं. अशा लोकांना मी कायम सांगतो, हंगेरीतला तोकाय भाग बघा. बुडापेस्टपासून ईशान्येला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, ज्वालामुखीच्या जुन्या टेकड्यांच्या पायथ्याशी २७ गावं, आणि त्या सगळ्यांची ओळख एकच, नैसर्गिक गोड वाइन. २००२ साली युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला.

पण होतं काय, लोक एवढा खर्च करून जातात आणि बारमध्ये जावं तसं तिथं जातात. दोन ग्लास, चार फोटो, परत स्टेशन. अहो ते शेतकऱ्यांचं गाव आहे. आपण कोणाच्या तरी मळ्यावर, कोणाच्या तरी घरी चाललोय असं धरून गेलात तर निम्म्या चुका तिथंच टळतात, उरलेल्या खाली लिहितोय.

साखर टाकतात असं समजू नका

गोड वाइन म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच, साखर किती टाकतात? टाकतच नाहीत. आणि हे नीट समजून न घेता गेलं तर तिथलं निम्मं काही कळतच नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

तिथल्या द्राक्षांना बोट्रायटिस नावाची बुरशी लागते. आता द्राक्ष आणि बुरशी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, भुरी, डावणी, करपा, नुसत्या फवारण्यांवर फवारण्या. तिथं मात्र ही बुरशी लागावी म्हणून लोक वाट बघतात. तोकाय गावापाशी बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या मिळतात, त्यांच्यामुळं ऑक्टोबरच्या सुमाराला सकाळी सकाळी दाट धुकं पडतं, त्या ओलीत बुरशी वाढते आणि दुपारी ऊन-वारा आला की आवरते. ती सालीला अगदी बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि साखर, आंबटपणा, वास सगळं त्या एका सुरकुतलेल्या मण्यात दाट होत जातं, उसाचा रस आटवत आटवत काकवी व्हावी तसं, फक्त तिथं चुलीचं काम ऊन आणि वारा करतो. धुकं आणि ऊन दोन्ही लागतं. नुसता पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी घडच्या घड सडवते, आणि म्हणून दरवर्षी ही वाइन सारखी होत नाही, एखाद्या वर्षी फारच थोडी होते.

असे सुकलेले मणी म्हणजे ऑसू. घड कापून टोपलीत टाकला असं चालत नाही, एक एक मणी हातानं वेचायचा. एक घड जवळून बघा म्हणजे कळेल, त्याच घडात वरच्या बाजूला चार मणी अजून सोनेरी आणि टणक असतात, त्यांच्या खाली काही जांभळट-तपकिरी होऊन मऊ पडलेले, आणि अगदी आत दोन-चार पार आकसून मनुक्याएवढे झालेले, वर राखेसारखा करडा थर. वेचणारी बाई तेवढेच आतले चार काढते आणि घड तसाच वेलीवर ठेवते, बाकीचे तयार झाले की परत यायचं. एकाच वेलीवर पुन्हा पुन्हा फेऱ्या. दिवसभर राबून हाताशी किती थोडा माल लागतो हे बघितलं की बाटलीच्या किमतीबद्दल कोणी काही बोलत नाही.

मग हे मणी द्राक्षाच्या रसात किंवा आंबत असलेल्या वाइनमध्ये भिजत घालतात, दाबून रस काढतात, आणि तो आंबायला लागला की साखर एवढी जास्त असते की यीस्टला, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म जीवांना, सगळी संपवता येत नाही, काम मध्येच थांबतं. जी साखर उरली तोच गोडवा. बाहेरचा एक दाणा नाही.

यातच अजून एक गोंधळ होतो. फ्रान्सच्या दक्षिणेला मोरी, बान्युल्स, रिव्हसाल्त ही पण गोड वाइनची गावं आहेत आणि तिथल्या वाइनला पण नैसर्गिक गोड असंच म्हणतात, पण पद्धत वेगळी. तिथं रस आंबत असतानाच द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात, त्यानं यीस्टचं काम बंद पडतं आणि द्राक्षाची साखर तशीच राहते. साखर द्राक्षाचीच खरी, पण अल्कोहोल १५ टक्के किंवा वर जातं. तोकायची ऑसू साधारण १० ते १३ टक्क्यांच्या आसपास असते. दोन्ही एकच समजून कुठलंतरी एक बुक करून टाकू नका, काय बघायचंय ते आधी ठरवा. बुरशीचा चमत्कार बघायचा असेल तर तोकाय, किंवा फ्रान्समधलं सोतर्न.

आणि एक साधा सल्ला. आयुष्यात गोड वाइन कधी चाखलीच नसेल तर लाखभर रुपये घालवायच्या आधी नाशिकला जाऊन या, धुळ्याहून हायवेनं अडीच-तीन तास. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँक तिथं मिळते, ती पण वेलीवर जास्त पिकवलेल्या द्राक्षांची. ऑसू नाही ती, पण या प्रकारचा गोडवा आपल्याला झेपतो का, आवडतो का, हे तेवढ्यात कळतं.

तारीख चुकली की सगळं चुकलं

मे महिन्यात पोरांना सुट्टी असते म्हणून मे महिन्यात जातात. वेली हिरव्यागार, वातावरण छान, पण द्राक्षाचा पत्ता नाही, ऑसू तर लांबच. साध्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, वाइनची तोडणी सप्टेंबरमध्ये जोरात असते आणि ऑसूची वेचणी ऑक्टोबर ते नोव्हेंबर. म्हणजे बघा, आपली दिवाळीची सुट्टी बरोबर त्याच्यात बसते. लक्ष्मीपूजन, भाऊबीज घरी करून लगेच निघालात तरी बऱ्याच वर्षी वेचणी सापडते.

पण दिवाळीत जाणाऱ्यांनी दोन तारखा लिहून ठेवा, २३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. दोन्ही दिवशी हंगेरीत राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद, वाइनची बरीच तळघरं बंद, आणि १ नोव्हेंबरला तर लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला गेलेले असतात, त्या दिवशी कोणाच्या दारात टेस्टिंगसाठी उभं राहणं बरं दिसत नाही. गावातली छोटी दुकानं एरवी पण रविवारी भरवशाची नसतात, पाणी-बिस्किटं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण १५ दिवसांवर बसून राहू नका, दिवाळीला जायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये फाइल तयार पाहिजे. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज, हे पण लोक विसरतात आणि पॅरिसला दोन रात्री, हंगेरीत पाच रात्री असं असताना फ्रान्सकडे अर्ज टाकतात. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

थंडी. आपल्याकडे डिसेंबरात धुळ्याला पारा खाली जातो तेव्हा जे कपडे काढता ते सगळे घ्या. सकाळचं धुकं बघायला बाहेर पडायचंय ना, मग कानटोपी पण घ्या.

तोकायला उतरून तिथूनच परत फिरू नका

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून तोकायला ट्रेन जाते, अडीच-तीन तासांचा प्रवास, उतरलात की नदीचा संगम, चौक, दुकानं, सगळं देखणं. बहुतेक लोक इथंच थांबतात. पण गाव बघायचं असेल तर मादला जा. सेरेन्चला गाडी बदलायची आणि थोडं पुढं माद. रुळांची कामं चालू असली की मध्येच ट्रेनऐवजी बस देतात म्हणून तिथल्या रेल्वेचं, मावचं, अ‍ॅप फोनमध्ये ठेवा आणि निघायच्या दिवशी सकाळी एकदा बघाच. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे पण. गावात रात्री रिक्षा-टॅक्सी मिळेल या भरवशावर बसू नका.

माद छोटंसं गाव आहे, पण या वाइनचा नवा काळ बराचसा तिथूनच सुरू झाला. कम्युनिस्ट राजवटीत सगळं सरकारी कारखान्यासारखं चाललं होतं, किती माल निघाला एवढंच बघायचे, चव मागं पडली. राजवट गेल्यावर १९९० मध्ये रॉयल तोकाजी ही कंपनी मादमध्येच सुरू झाली, आणि मग जुन्या शेतांची नावं परत बाटलीवर यायला लागली. आपल्याकडे कसं प्रत्येक शेताला नाव असतं, तसं तिथं पण प्रत्येक उताराला नाव आहे, सेंट तामाश, बेत्शेक, न्युलासो, आणि एकाच गावातल्या दोन शेतांची वाइन शेजारी-शेजारी ठेवून चाखली की जमिनीचा फरक जिभेला कळतो. हे नक्की मागा. शेती करणाऱ्या माणसाला यात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही.

मादमध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, १७९५ मधलं, पिवळसर रंगाची बरोक पद्धतीची सुंदर इमारत. कृपा करून ते न बघता येऊ नका. या भागाच्या वाइनचा व्यापार पोलंड-रशियापर्यंत नेणाऱ्यांमध्ये इथले ज्यू व्यापारी फार मोठे होते. १९४४ मध्ये त्या सगळ्या कुटुंबांना उचलून नाझींच्या छावण्यांत नेलं, फार थोडे वाचले. इमारत नंतर दुरुस्त केली, पण माणसं राहिली नाहीत. वाइनचं कौतुक करताना हे पण माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आत जायची वेळ आधी विचारून ठेवा, कायम उघडं नसतं.

वेळ असेल तर हेर्त्सेगकूतची तळघरं, टेकडीच्या पोटात एकावर एक ओळींनी दगडी त्रिकोणी दारं, आणि शारोशपतकचा किल्ला. नसेल वेळ तर मादमध्ये दोन रात्री शांतपणे राहा, ते जास्त चांगलं.

न कळवता जाणं

तिथं बरेच वाइनवाले म्हणजे एक कुटुंब. नवरा मळ्यात, बायको तळघरात, म्हातारा ट्रॅक्टरवर. वेचणीच्या दिवसात तुम्ही अचानक सहा जण दारात उभे राहिलात तर त्यांनी काम सोडायचं का? ई-मेल करा, आठ-दहा दिवस आधी, किती माणसं, किती वाजता, इंग्रजी बोलणारं कोणी असेल का, व्हेज खाणारे किती. उत्तर आलं नाही तर परत एकदा साधा मेल टाका, मग दुसरं तळघर बघा. एका दिवसात दोन पुरे, तीन म्हणजे जास्तच. आणि येत नसाल तर कळवा. आपल्याकडे "बघू, जमलं तर येतो" चालतं, तिथं त्यांनी तुमच्यासाठी बाटल्या उघडून ठेवलेल्या असतात.

मळ्यात विचारल्याशिवाय शिरू नका, मणी तोडू नका. फोटोसाठी घड ओढणारे लोक बघितलेत मी, आणि हेच लोक आपल्या केळीच्या बागेत कोणी पोरगं शिरलं तर काठी घेऊन धावतात. तो सुकलेला मणी चाखायचा असेल तर मागा, बहुतेक वेळा स्वतःहून हातावर ठेवतात. आधी गोड लागतो, मग आंबट, आणि मग मधाचा, सुक्या जर्दाळूचा वास नाकात भरतो.

तळघरात उतरताना

तळघरं ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडात खोदलेली आहेत, वर्षभर १०-१२ डिग्री आणि हवेत भरपूर ओल. पायऱ्या उंच, ओल्या, कठडा असेलच असं नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना आधी विचारा, किती पायऱ्या आहेत ते, काही ठिकाणी वर बसून टेस्टिंग करता येतं. चप्पल नको, बूट घाला, वर ऊन असलं तरी स्वेटर बरोबर ठेवा.

आत भिंतींवर, छतावर, पडून असलेल्या बाटल्यांवर काळी मऊ बुरशी असते, हात लावला तर ओल्या कापसासारखी दबते. घाण आहे असं समजून नाक मुरडू नका आणि खरवडून तर अजिबात काढू नका. ही बोट्रायटिस नव्हे, तळघराची वेगळी बुरशी. पिंपातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते आणि तळघरातली ओल सारखी ठेवायला मदत करते असं तिथले लोक मानतात, आणि ते तिला जपतात.

टेबलावर बसल्यावर

इथं सगळ्यात जास्त चुका.

गुटखा, तंबाखू, पानमसाला, बडीशेप, वेलची, काहीही तोंडात टाकून बसू नका, निदान तासभर आधी तरी नको. अत्तर-परफ्युम पण नको, तुमच्याच नाही तर शेजारच्याच्या ग्लासाचा वास पण जातो. तोंड साध्या पाण्यानं धुवा.

क्रम त्यांनी ठरवलेला असतो, तो मोडू नका. आधी कोरडी फुरमिंट, मग सामोरोद्नी (सुकलेले आणि साधे मणी न निवडता अख्ख्या घडांची केलेली), मग ऑसू. आपले लोक म्हणतात गोडच प्यायला आलोय, तीच आधी द्या. एकदा ऑसू जिभेवर आली की नंतरची कोरडी वाइन नुसती लिंबू पिळल्यासारखी लागते, मग म्हणायचं वाइन खराब आहे. आणि कोरडी चाखणं का गरजेचं ते ऐका, फुरमिंट हे द्राक्ष मुळातच चांगलंच आंबट, आणि त्या आंबटपणामुळंच पुढची ऑसू एवढी गोड असून चिकट, नकोशी वाटत नाही. तो आंबटपणा आधी ओळखला की गोड वाइनमधला तोल कळतो.

एका घोटात संपवू नका. ग्लास दांडीला धरा, हळू फिरवा, वास घ्या, छोटा घोट, तोंडात फिरवा. टेबलावर थुंकायचं भांडं असतं ते शोभेचं नाही, त्यात थुंकणं म्हणजे अपमान नाही, उलट तुम्ही मन लावून चाखताय असंच ते समजतात. आपल्याकडे समोरच्यानं दिलेलं टाकायचं नाही असं शिकवलंय म्हणून संकोच वाटतो, पण सहा-सात प्रकार पूर्ण प्यायलात तर शेवटचं, म्हणजे सगळ्यात भारी, काही कळणारच नाही. बर्फ मागू नका. सोडा तर नकोच.

एसेंत्सिया मिळाली तर नशीब. ऑसूचे मणी भांड्यात साठवले की त्यांच्या स्वतःच्याच वजनानं खाली जो रस ठिबकतो तो ही. लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर, एवढी दाट की वर्षानुवर्षं हळूहळू आंबत राहते आणि अल्कोहोल जेमतेम काही टक्के. ती ग्लासात नाही, चमच्यात देतात. ग्लासभर मागू नका, चमचा तोंडात ठेवून गप्प बसा थोडा वेळ.

घासाघीस नको. दहा बाटल्या घेताना प्रेमानं विचारलंत तर गोष्ट वेगळी, एका बाटलीवर नको. छोट्या तळघरात कार्ड चालेलच असं धरू नका, फोरिंट, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ ठेवा, युरोवर अवलंबून राहू नका.

शुगर असलेल्यांनी हे नीट वाचा

ऑसूमध्ये लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम, चहाचे बारा चमचे धरा. नैसर्गिक आहे म्हणून काही होत नाही हा समज काढून टाका, शरीराला ती साखरच आहे. आणि उलट बाजू पण आहे, इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी अल्कोहोल घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, लाजायचं काही नाही, आणि तिथं घोट चाखून थुंका. चव तेवढ्यात कळते.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

वाइनबरोबर छोटे खारे पाव देतात, पोगाचा म्हणतात. दिसायला साधे, पण त्यात चीजचे असतात आणि डुकराच्या चरबीच्या तुकड्यांचे पण असतात, दिसण्यावरून कळत नाही. विचारून घ्या. तुरोश चुसा नावाचा पनीर-नूडल्सचा पदार्थ मेनूत व्हेज वाटतो, वर मात्र बेकनचे तुकडे टाकून देतात. लांगोश म्हणजे तळलेली जाड पुरी, ती कशात तळलीय हे विचारा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, डुकराची चरबी नाही असं हंगेरियन भाषेत ट्रान्सलेट करून फोनमध्ये सेव्ह करा आणि दाखवा. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले असू द्या, पण चटणी टेस्टिंगच्या नंतर.

तिखटाची सवय असलेल्यांनी तिथल्या पापरिकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. रंग लालभडक, पण नंदुरबारच्या मिरचीचा झणका त्यात नाही.

गाडी

हंगेरीत गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य. थोडी चालते, दोन घोट चालतात असं काही नाही, शून्य. भाड्यानं गाडी घेतली असेल तर एकानं त्या दिवशी अजिबात चाखायचं नाही. मादमध्ये राहिलात तर बरीचशी तळघरं चालत होतात, हाच सगळ्यात चांगला उपाय. १८ वर्षांखालच्या पोरांना वाइन देत नाहीत, "थोडीशी चाखू दे" असं म्हणून त्यांना अडचणीत आणू नका.

बाटली घेताना आणि घरी आणताना

लेबलवर फक्त तोकाजी लिहिलंय म्हणून गोड असेलच असं नाही, कोरडी पण त्याच नावानं असते. सामोरोद्नी दोन्ही प्रकारची मिळते, एदेश म्हणजे गोड, साराझ म्हणजे कोरडी, घरी येऊन बाटली उघडल्यावर कळण्यापेक्षा तिथंच वाचा. ऑसूवर बऱ्याचदा ५ किंवा ६ पुत्तोन्योश, म्हणजे टोपल्यांचा, असा आकडा असतो. पूर्वी एका पिंपाला ऑसूच्या किती टोपल्या घातल्या त्यावरून हा आकडा ठरायचा, आता साखरेवरून. जुन्या बाटल्यांवर ३ आणि ४ पण दिसेल, २०१३ पासून नियम बदलला आणि खालचे दोन आकडे गेले, त्यामुळं जुनी ३ ची बाटली दिसली तर नकली समजू नका. बजेट कमी असेल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट घ्या, खूप स्वस्त पडते आणि घरच्यांना द्यायला मस्त.

भारतात प्रत्येक मोठ्या माणसाला २ लिटरपर्यंत दारू किंवा वाइन ड्युटी न भरता आणता येते. ऑसूची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे माणशी चार. सगळ्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, मधोमध. हँडबॅगेत ठेवली तर सिक्युरिटीला काढून टाकतात. ड्युटी फ्रीमधली सीलबंद पिशवी दुबई-दोह्याला चालून जाते, पण मुंबईला उतरून पुढं डोमेस्टिक फ्लाइट असेल तर ती पण चेक-इनमध्ये टाकावी लागते.

आता खास आपल्या भागाची गोष्ट, आणि ही कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत नसते. नंदुरबार, नवापूर, शहाद्याकडच्या लोकांना सुरत जवळ, म्हणून परतीचं तिकीट अहमदाबाद किंवा सुरतचं काढतात. गुजरातेत दारूबंदी आहे. विमानतळावरून बाहेर पडल्यापासून नवापूरपर्यंतचा सगळा रस्ता गुजरातचा, त्यात बॅगेत चार बाटल्या. कशाला जिवाला घोर? मुंबईला उतरा. आणि मुंबईहून पण नंदुरबारची गाडी सुरतवरूनच जाते हे लक्षात घ्या, त्यापेक्षा नाशिक-मनमाड मार्गानं चाळीसगाव किंवा जळगावपर्यंत या आणि पुढं रस्त्यानं घरी. बिल शेवटपर्यंत जवळ ठेवा.

घरी आल्यावर

एवढं करून बाटली हॉलच्या शोकेसमध्ये ठेवतात, पाहुण्यांना दिसावी म्हणून. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो, बंद घरात शोकेसच्या काचेमागं काय होत असेल विचार करा. बूच सरकतं, वाइन शिजल्यासारखी होते. तळघरात १२ डिग्रीला वाढलेली वस्तू आहे ती. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दारात नाही, आडवी ठेवा, उजेड लागू देऊ नका. पावसाळा-हिवाळ्यात आतल्या खोलीतल्या गार कोपऱ्यात चालेल, उन्हाळा लागायच्या आधी परत फ्रिजमध्ये.

उघडल्यावर एका बैठकीत संपवायची घाई नको, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर साखर आणि आंबटपणामुळं ऑसू साध्या वाइनपेक्षा बरीच टिकते, आठवडा-दोन आठवडे आरामात. छोट्या ग्लासात, थंड, पण बर्फगार नाही, फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी.

बरोबर काय खायचं? खापराच्या मांड्यांबरोबर नको, मांडे वाइनपेक्षा गोड झाले की वाइन फिकी आणि आंबट लागते. शेवभाजीबरोबर तर नकोच, काळ्या मसाल्यात एसेंत्सिया पण हरवेल. खारे काजू, खारवलेले बदाम, खारट चीज, किंवा नुसतं पिकलेलं सीताफळ घेऊन बघा. आणि घरात कोणी पीत नसेल तर आग्रह करू नका, वास घ्यायला द्या, मधाचा आणि जर्दाळूचा वास त्यांना पण ओळखू येतो.